दीड महिन्याच्या डोसला आईलाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. हजारो बाळांना दीड महिन्याचा डोस दिला. वजन करायचं, टोचायचं, कार्डावर तारीख घालायची, रात्री ताप आला तर काय करायचं ते सांगायचं, की पुढचं बाळ. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला मी टाक्यांचं विचारलं, दुधाचं विचारलं. मनाचं कधीच विचारलं नाही. ते आता मनाला लागून राहिलं आहे, म्हणून हे पत्र.

२००६ च्या सुमाराची एक पहिलटकरीण अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बाळ रडून लाल झालं होतं आणि ती भिंतीकडे बघत बसली होती. मी हाक मारली तर उत्तर सासूनं दिलं, "बाळंतपणात होतं असं, सिस्टर." मी कार्ड भरून दिलं. पुढे अंगारे झाले, देवऋषी झाला, माहेरी पाठवून झालं. डॉक्टरांपर्यंत ती पोचली तेव्हा बाळ चालायला लागलं होतं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटल्यावरही झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटतं, तर तो नैराश्याचा आजार आहे. तो ओळखायला दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधंही आहेत. दूध तोडायच्या भीतीनं कितीतरी जणी उपचारच घेत नाहीत, ती भीती मी स्वतः ऐकली आहे.

हा आजार कुठल्याही वयात आला तरी घरच्यांकडे त्या वयाचं कारण तयार असतं. माझ्या दिराचा मुलगा दहावीत असताना सारखा चिडायचा, डोकं दुखतं म्हणायचा, क्रिकेट सुटलं, मार्क घसरले. आम्ही चष्मा बदलला, मोबाइल काढून घेतला. या वयात नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीतून दिसतं, हे आरोग्य खात्यात असूनही मला ठाऊक नव्हतं. समुपदेशनानं तो सावरला, गोळ्यांची गरज पडली नाही. प्रत्येकाचं तसं होईलच असं नाही.

माझ्या आईच्या बाबतीत मात्र मी फार उशीर केला. ती ७४ वर्षांची होती. नावं विसरायची, जेवण अर्धवट टाकायची, पहाटे तीनला उठून बसायची. "आता काय उरलंय माझं," म्हणायची. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे म्हातारपण. मनोविकारतज्ज्ञांनी तासभर तिच्याशी आणि माझ्याशी वेगवेगळं बोलून घेतलं. आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते पाहिलं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम तपासायला लावलं, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. मग सांगितलं की ही विसरण्याच्या आजाराची (डिमेन्शियाची) सुरुवात नसावी, नैराश्यानंच लक्ष लागत नाहीये. गोळी अगदी कमी मात्रेनं सुरू केली आणि काही दिवसांनी सोडियम पुन्हा तपासलं, कारण या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत ते उतरू शकतं. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही, मी धीर सोडत होते. दीड महिन्यानं ती शेजारच्या मावशींना हाक मारून अंगणात बसली. बरं वाटतंय म्हणून तिनं मध्येच गोळ्या थांबवल्या, तर दोन महिन्यांत सगळं परत आलं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं, हे आम्ही असं शिकलो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण माझ्या गावांत चित्र याहून बरं होतं असं मला म्हणवत नाही. ते बदलता येतं, हे अमरावती जिल्ह्यात ३० गावांतल्या 'विश्राम' प्रकल्पानं दाखवलं आहे. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

आशाताई घरोघरी जाऊन आजारांच्या जोखमीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, उदास किंवा निराश वाटलं का. प्रश्न चांगले आहेत. पण आशाताई उंबऱ्यात, सून चुलीपाशी आणि मध्ये सासू, अशा वेळी "नाही" शिवाय दुसरं उत्तर येत नाही. शिवाय हा फॉर्म तिशीच्या पुढच्यांसाठी. आमच्याकडच्या बहुतेक बाळंतिणी त्यात बसतच नाहीत.

म्हणून खात्याला माझी विनंती आहे की माणसं ज्या दिवशी आपणहून आपल्याकडे येतात, त्याच दिवशी त्यांना विचारा. दीड महिन्याच्या डोसला बाळ आजीकडे द्या आणि आईला पाच मिनिटं आतल्या खोलीत बसवा. बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या आजी-आजोबांना गोळ्या देताना विचारा. शाळा तपासणीच्या पथकानं दात-डोळ्यांबरोबर झोपेचंही विचारावं. ज्याच्या तोंडी मरणाची भाषा असेल त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बाकीच्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीची चिठ्ठी द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

माझ्या जागी आलेल्या मुलीला मी ते दहा प्रश्न वहीत उतरवून दिले आहेत. दर मंगळवारी ती विचारते. उत्तरं स्वतःच्या वहीत लिहिते. तिची बदली झाली की ती वही तिच्याबरोबर जाईल. माता-बाल कार्डावर वजनाच्या चौकटीशेजारी त्यासाठी एक चौकट छापून मिळावी.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा