सईचा डावा हात सोडवू नका

प्रिय मिल्या,

उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. गुडघा आता ठीक आहे. सई टेनिसमध्ये फोरहँड दोन्ही हातांनी मारते, आणि कोचने तिला त्यावरचा डावा हात सोडायला लावलाय, हे वाचलं आणि तसाच दोन हातांनी खेळणारा फ्रेंच खेळाडू फाब्रीस सांतोरो डोळ्यांपुढे आला. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

तू म्हणशील, झालं सुरू! एकेरीत ग्रँड स्लॅमची एकच क्वार्टर फायनल, 2006 च्या ऑस्ट्रेलियन ओपनची, आणि रँकिंग फार तर 17. मान्य. पण जोडीदार मिकाएल लोद्राबरोबर जिंकलेली 2003 आणि 2004 ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी? 2001 च्या डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मेलबर्नला पिओलीनसोबत ऑस्ट्रेलियाच्या ह्युइट-राफ्टर जोडीला पाडलं, ते? आणि रशियाचा मारात साफिन! नंबर एकवर जाऊन आलेला सहा फूट चार इंचांचा गडी, आणि सांतोरोने त्याच्याशी सात सामने जिंकले, हरले फक्त दोन: 7-2. यावर तुझ्याकडे आजवर उत्तर नाही.

हे 7-2 आलं कुठून ते बघ, सईचा प्रश्न तिथेच आहे. सांतोरो दोन्ही हातांनी फोरहँड कापायचा. चेंडू उलटा फिरत, मंद यायचा आणि टप्प्यानंतर गुडघ्याखालीच राहायचा. जोरात मारणाऱ्याला समोरून वेग मिळतच नाही, सगळा स्वतःच काढावा लागतो, तोही वाकून, चेंडू खालून उचलत. जरा जास्त जोर लागला की बाहेर, कमी पडला की नेटमध्ये. शिवाय डोक्यावरून उंच लॉब येणार, नेटजवळ पडणारा ड्रॉप येणार की तिरका क्रॉसकोर्ट, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. सॅम्प्रसने त्याला जादूगार म्हटलं ते उगाच नाही.

कोचचं एक म्हणणं खरं आहे: दोन हातांनी पल्ला कमी पडतो. लांबचा चेंडू हुकतो, अंगावर आलेला अडकतो. पण त्यावर इलाज पायांचा. सईला समोरच्याने चेंडू मारायच्या क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायला शिकवा, म्हणजे पहिलं पाऊल लवकर पडेल. बाजूला पळताना दोन्ही हात रॅकेटवर असू देत. अगदीच पोचत नसेल तेव्हाच डावा सुटू दे. व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारायच्या फटक्यासाठी, मात्र एका हाताचा सराव वेगळा हवाच, ताणून घेतलेली व्हॉली दोन हातांनी होत नाही. आणि नुसतं कापून भागणार नाही: आखूड पडलेल्या चेंडूवर पुढे येऊन सपाट मारता आला नाही, तर समोरचा नेटवर येऊन बसेल.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते याच खेळासाठी. 2004 ला रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, पहिल्याच फेरीत आर्नो क्लेमाँविरुद्ध 6 तास 33 मिनिटं, दोन मॅच पॉइंट वाचवून पाचवा सेट 16-14. एकूण 70 ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळला, तेव्हाचा विक्रम. 1989 ला सुरुवात आणि 2010 ची ऑस्ट्रेलियन ओपन केवळ चौथ्या दशकातही नाव लागावं म्हणून. हात बदलून त्याला साच्यात बसवलं असतं, तर त्या गर्दीला काय बघायला मिळालं असतं?

मला काळजी वाटते ती ही, की आता प्रत्येक पोरगी एकाच फोरहँडची निघेल. सईचा निर्णय घाईने घेऊ नका. तिचे दहा-बारा फोरहँड समोरून आणि बाजूने शूट करून पाठव, मग बोलू.

बदलीचं काय ठरलं? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार. व्हिडिओ मात्र आधी पाठव.

तुझा,
शिऱ्या