मिठागरची थकबाकी

फोंडा,
दिव्यांची अवस

प्रिय बाबल्या,

आठ महिने झाले. बोटीवर चढण्याआधी तू बाराव्या प्रकरणाची वही माझ्या हातात कोंबलीस, "वाच आणि कळव" म्हणालास, आणि मी गप्प बसलो. रागावला असशील, रागाव. वही त्याच आठवड्यात वाचून झाली होती. पण आपल्या अंतराळातल्या कादंबरीतलं मिठागरच्या किल्ल्याचं तुझं ते प्रकरण, ज्यात भाडोत्री टोळीचा म्होरक्या एकडोळ्या मध्यरात्री मोहरांची थैली घेऊन शत्रूला दरवाजा उघडून देतो, ते पुस्तकात टिकत नाही. हे तुला फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही.

आईचा गुडघा तसाच. माझं बीपी गोळीने जागेवर. झालं.

आधी किरकोळ दोष, म्हणजे मग मोठ्याकडे निवांत येता येईल. आठशे माणसांची टोळी नव्वद दिवस एका जहाजातून, कोणाला चाहूल लागू न देता, मिठागरला पोचते असं तू लिहिलंस. माणसाला दिवसाला सरासरी 0.84 किलो प्राणवायू लागतो. आठशे जणांना नव्वद दिवसांचा झाला साठ टन. माणशी दिवसाला किलोभर कर्बवायू बाहेर पडतो, म्हणजे बहात्तर टन. तो लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांत शोषून घ्यायचा, तर डब्यांचंच वजन सत्तर-ऐंशी टनांवर जातं. त्यापेक्षा तापवून पुन्हा वापरता येणाऱ्या गाळण्या बसव. पण हे सगळं जमलं तरी लपणं जमत नाही. नुसता बसलेला माणूस शंभर वॅटचा बल्ब असतो. आठशे बल्ब म्हणजे ऐंशी किलोवॅट. पोकळीत वारा नाही, पाणी नाही, ही ऊब पंख्यांसारख्या पत्र्यांवरून किरणांनीच बाहेर टाकावी लागते. पत्रा 27 अंशांवर असेल तर चौरस मीटरमागे जेमतेम साडेचारशे वॅट जातात. नुसत्या माणसांसाठी पावणेदोनशे चौरस मीटर ऊबदार पत्रा, इंजिनाचा वेगळाच, आणि मागे काळंकुट्ट थंड आकाश. अवसेच्या रात्री दीपस्तंभ दिसावा तसं दिसेल ते. म्हणून टोळी आता वेढा पडायच्या आधी, दिवसाढवळ्या, करार करून येते. (पोकळीत तोफेचा आवाज होत नाही यावरून दहावीत आपण तीन दिवस बोलत नव्हतो. माझं म्हणणं आजही तेच आहे.)

आता मोठं. तू त्यांना भाडोत्री म्हणतोस आणि तिथेच फसतोस. भाडोत्री म्हटलं की लेखकाला वाटतं, जास्त भाडं देईल त्याचा. आपल्याकडे याला नेमके शब्द होते. घोडं आणि हत्यार सरकारचं तो बारगीर, स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. शिलेदाराचं घोडं मेलं की त्याचं पोट मेलं. म्हणून तो घोडं जपून लढतो, आणि म्हणूनच मोहिमेआधी त्याला नालबंदी मिळे, म्हणजे आगाऊ रक्कम. आपल्या पुस्तकात घोड्याच्या जागी जहाज आहे. जहाज कोणाचं हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. एकडोळ्याचं असेल तर तो ते तोफेसमोर नेणारच नाही. मिठागरच्या सावकाराचं असेल तर दरवाजा उघडून तो पळणार कशात बसून? मी ते शिलेदारी केलं, पण गहाण ठेवलेलं. गहाणखत सावकाराकडे.

करारात काय काय असतं तेही लिहून काढलं. नालबंदी तिसरा हिस्सा, जहाज धक्का सोडायच्या आधी. मग रोजमुरा, म्हणजे महिन्याचा पगार. जहाज बुडालं तर भरपाई कोणाची. मुदत किती. इटलीतल्या अशा कराराला कोंदोत्ता म्हणत, तिथल्या भाडोत्री सरदारांना कोंदोत्तिएरी म्हणत, तो शब्द त्यातूनच आला. त्यात एक पक्की मुदत असे, आणि ती संपल्यावर धन्याला हवं असेल तर वाढवायची दुसरी मुदत. म्हणजे त्या काळात माणूस काम नसतानाही बांधलेला. आणि कुठे लढायचं हे लिहून घ्यायचंच. आपल्याकडचंच बघ ना, 1895 साली पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला आणि ते उलटले. गोव्याच्या सत्तरी भागातून दादा राणे त्यांना मिळाले आणि प्रकरण इतकं चिघळलं की लिस्बनहून राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन आला. आपल्या टोळीच्या करारात मी घातलंय: "मिठागरच्या कक्षेपलीकडे नाही."

पगार थकला की काय होतं? तुझ्या वहीत लगेच फितुरी. खरं म्हणजे फितुरीच्या आधी बराच काळ कंटाळवाणी भांडणं चालतात. मराठा फौजांत तलब थकली की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. ना त्याला जेवू देत, ना बाहेर पडू देत. कधी नुसता आव असतो आणि आत भलतंच शिजतं: 1773 मध्ये गारदी शनिवारवाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराचं निमित्त करूनच. 'ध'चा 'मा' आपण शाळेत घोकला, पण तलबेचं निमित्त विसरलो. म्हणून आता मिठागरच्या धक्क्यावर आठशे जण चिलखतं घालून धरणं धरून बसतात, आणि सावकाराला स्वतःच्या गोदामात जायला वाट नाही. हे प्रकरण लिहिताना मी एकटाच हसत होतो. तूही हसशील.

पण पैसे येतात कसे? प्रकाशवर्षं दूर असलेल्या गादीवरून हुंडीच येणार, आणि तीही जहाजानेच. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती असेल तर थांबा. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यावर मुदती हुंडी कोण घेईल? वटवणारा व्यापारी हुंडणावळ इतकी कापेल की शंभराचे साठ हातात. शिपायाला वाटतं धन्याने चाळीस खाल्ले, धन्याला वाटतं मी शंभर पाठवले. दोघेही खरे, दोघेही संतापलेले. माझ्या मते पुस्तकातला खरा खलनायक हाच आहे, पण त्याला चेहरा नाही, त्यामुळे मुखपृष्ठावर घालता येत नाही.

मग बाजू बदलते कशी? इथे मला श्रीरंगपट्टण आठवलं. 1781 साली डच कंपनीसाठी स्वित्झर्लंडकडच्या नूशातेलला एक पलटण उभी राहिली, दे म्यूरों नावाची. मालक एक काउंट. 1795 साली पलटण श्रीलंकेत डचांच्या चाकरीत, आणि इंग्रजांनी करार केला तो थेट काउंटशी, युरोपात बसून. कोलंबोत त्याच्या भावापर्यंत ही खबर चीजच्या गोळ्यात लपवून पोचवली असं सांगतात. डचांकडून थकलेला पगार चुकता करायचं ठरलं आणि अख्खी पलटण डचांना सोडून इंग्रजांची झाली. 1799 मध्ये तीच टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला. मध्यरात्र नाही, थैली नाही. हिशेब, सही आणि दुसऱ्या दिवशी नवा झेंडा.

म्हणून बाबल्या, तुझा दरवाजा मी उघडलाच नाही. सकाळी दहाला टोळी हजिरीपट घेऊन रांगेत बाहेर येते. गहाणखत शत्रूच्या गादीने रात्रीतून विकत घेतलेलं असतं.

आणि याहून वाईट बातमी. एकडोळ्या, जो तुला नायक म्हणून हवा होता, तो हजिरी फुगवतो. हे सगळीकडचे सरदार करत. मेलेल्या, पळालेल्या माणसाचं नाव पटावर ठेवायचं आणि त्याचा पगार स्वतः उचलायचा. याच रोगावर अकबराने घोड्यांना डाग आणि शिपायांच्या चेहऱ्याची नोंद सुरू केली होती, कारण सरदार गणतीच्या दिवशी शेजाऱ्याची तट्टं उसनी आणून उभी करत. एकडोळ्या आठशेंचा पगार घेतो. पण मिठागरवर प्राणवायू मोजून मिळतो. आठशेंना दिवसाला 672 किलो लागायला हवा, मीटर दाखवतो 520. कारकून 520 ला 0.84 ने भागतो: 619. एकशे एक्याऐंशी माणसं श्वास घेत नाहीत आणि पगार घेतात. वेढा इथे मोडतो. तोफा सुटायच्या आधीच.

हे मी तुला विचारल्याशिवाय केलं. नकाशा म्हापशाच्या बसमध्ये कोणी विसरला हा जुना वाद मी यापुढे काढणार नाही, तेवढी भरपाई समज. (तूच विसरलास.)

तुझं काय? बोट आता कुठे? एडनच्या बाजूने गेलात तर बंदूकवाले रक्षक चढतात का, आणि ते जेवतात कोणाबरोबर, तुमच्यात की वेगळे? हत्यार त्यांचं आणि हुकूम कप्तानाचा, हे बोटीवर प्रत्यक्षात कसं निभतं ते सविस्तर लिही, तेराव्या प्रकरणाला लागेल. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी असते ना तुम्हाला? एकडोळ्याच्या पोरांना तीही नव्हती. वहिनी बऱ्या? धाकट्याचे दात आले? चवथीला साइन-ऑफ, म्हणजे बोटीवरून सुटका, मिळतोय का ते आधी कळव. मासेबंदी उठायला अजून आठवडा आहे, आम्ही खाऱ्या बांगड्यांवर दिवस काढतोय.

तुझा होकार आल्याशिवाय वही छापायला देत नाही.

तुझाच,
तात्या

ता.क. तू हरकत घेशीलच म्हणून आधीच लिहितो: झोपेत प्राणवायू कमी लागतो, कवायतीत कितीतरी पट जास्त. त्यामुळे कारकुनाने एका दिवसाचा मीटर धरला तर एकडोळ्या सांगेल की पोरं झोपली होती. म्हणून मी त्याला सलग तीस दिवसांची सरासरी काढायला लावली आहे. वहीच्या कडेला गणित आहे, ते तपास.