नऊ पॉइंट छापले, चौदा रिबाऊंड कुठे गेले?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) २०१६ च्या फायनलचा सातवा, म्हणजे शेवटचा सामना लिहिला त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्या भागात बास्केटबॉलवर मराठीत वाचायला काही मिळतच नाही. पण वाचून रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं म्हणून आज लिहायला बसलो. क्लीव्हलँड ९३, गोल्डन स्टेट ८९. क्लीव्हलँडकडून लेब्रॉन २७, आयर्विंग २६, गोल्डन स्टेटकडून ग्रीन ३२, करी १७. अख्ख्या लेखात आकडे एवढेच, सगळे पॉइंटचे. आणि क्लीव्हलँडच्या केविन लव्हसाठी एक ओळ, की तो ९ वरच अडकला आणि त्याचा खेळ फिका पडला.

फिका कसा काय साहेब? त्याच माणसाने त्या सामन्यात १४ रिबाऊंड घेतले, म्हणजे शॉट हुकल्यावर परत आलेला बॉल १४ वेळा पकडला. त्याचा प्लस-मायनस होता +१९, म्हणजे तो कोर्टवर होता तेवढ्या वेळात क्लीव्हलँडने समोरच्यांपेक्षा १९ पॉइंट जास्त केले. सामना जिंकला किती ने, ४ ने. मग हिशोब करा, तो बाकावर बसला तेवढ्या वेळात टीम १५ ने मागे पडली. आणि शेवटच्या मिनिटात करी त्याच्यासमोर आला, सगळ्यांना वाटलं आता हा उंच माणूस करीमागे काय पळणार, पण लव्ह पाय हलवत समोरच राहिला आणि करीचा थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) हुकला. याचे पॉइंट कोणाच्याच नावावर चढत नाहीत, म्हणून तुमच्या लेखात ते घडलंच नाही.

शेवटी ८९-८९ झालं तेव्हा चार मिनिटं ३९ सेकंद बाकी होते आणि आयर्विंगचा थ्री पडला तेव्हा ५३ सेकंद. मधली जवळजवळ पावणेचार मिनिटं दोन्हीकडून एकही पॉइंट नाही. लेब्रॉनने मागून धावत येऊन गोल्डन स्टेटच्या इगुओडालाचा ले-अप (बास्केटजवळून टाकलेला बॉल) बोर्डवर दाबला तो ब्लॉक याच वेळातला. नुसते पॉइंट लिहिले तर तो सगळा वेळ कोरा राहतो, आणि सामना तर तिथंच ठरला ना.

टीमचे आकडेही तुम्ही दिले नाहीत. गोल्डन स्टेटचे थ्री पडले १५, क्लीव्हलँडचे फक्त ६. एवढं वाचलं तर कोणीही म्हणेल गोल्डन स्टेट जिंकली. पण फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे एक-एक पॉइंटचे शॉट) क्लीव्हलँडचे २१ पडले, त्यांचे १०, आणि आतून दोन-दोनचे बास्केट क्लीव्हलँडचे २७, त्यांचे १७. म्हणजे क्लीव्हलँड आत घुसून जिंकली हे या तीन ओळींत दिसतं, तुमच्या अर्ध्या पानात दिसलं नाही. ग्रीनचे ३२ हे सामन्यातले सगळ्यात जास्त आणि त्याची टीम हरली, तेव्हा पॉइंटवरून काय कळतं तुम्हीच सांगा. लेब्रॉन त्या पूर्ण सिरीजमध्ये पॉइंट, रिबाऊंड, असिस्ट (ज्यावर बास्केट होतं तो पास), स्टील (समोरच्याकडून हिसकलेला बॉल), ब्लॉक या पाचही बाबतीत दोन्ही टीममध्ये पहिला होता, असं प्लेऑफच्या (सीझनच्या शेवटी होणाऱ्या बाद फेरीच्या) सिरीजमध्ये त्याआधी कोणी केलं नव्हतं. हेही लेखात नाही!

एवढा जीव काहून जळतो ते सांगतो. मी शाळेत पीटी शिकवली आणि माझी पुतणी माझ्याच हाताखाली खेळायला शिकली. शूटिंग तिचं कमजोरच, पण बोर्डखाली उभी राहिली की बॉल दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही. समोरच्या पोट्टीला पाठीने अडवून मागे ठेवायची, म्हणजे बॉक्स आऊट करायची, बॉल काढायची आणि लगेच गार्डला (बॉल पुढे नेणाऱ्या पोट्टीला) द्यायची, बास्केट गार्डच्या नावावर. जिल्ह्याच्या स्पर्धेनंतर जिल्हा संघ निवडायचा होता. टेबलावर जी स्कोअरशीट असते तिच्यात पॉइंट, फाऊल आणि टाइमआऊट यांचेच रकाने, रिबाऊंडला रकानाच नाही. निवड करणाऱ्या साहेबांनी शीट पाहिली आणि विचारलं हिने मारले किती. मी माझी वही पुढे केली, त्यात तिच्या नावासमोर रिबाऊंडच्या उभ्या रेघांनी अर्धं पान भरलं होतं. साहेब म्हणाले सर हे तुमचं घरचं झालं, शीटवर तर काही नाही. वहीला हातसुद्धा लावला नाही. जिच्या पासवर चालत होतं तीच... नाही, उलट सांगतो, जी हिच्या पासवर बास्केट टाकत होती ती निवडली गेली, तिचं काही चुकलं नाही, ती चांगलीच खेळायची. पण ही राहिली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी आली त्यातही सगळ्यात जास्त पॉइंटवाल्या मुलींचीच नावं, माझी वहिनी चष्मा लावून शोधत बसली. पोट्टी मला म्हणाली, "काका, मले काहून नाही घेतलं, मी चांगली नाही खेळली का?" मी तिला काय सांगणार होतो. त्यानंतर तिने कोर्टवर येणं सोडलं.

लिहिलं नाही ते कायमचं जातं हो. एनबीएचा जुना खेळाडू बिल रसेल १३ सीझन खेळला आणि ११ वेळा चॅम्पियन झाला, बोर्डसमोर तसा ब्लॉक करणारा झाला नाही असं जुने लोक सांगतात. पण एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजणं सुरू केलं १९७३-७४ पासून आणि हा माणूस १९६९ लाच थांबला. एनबीएच्या अधिकृत रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर एकही ब्लॉक नाही. तिथे तेव्हा कोणी मोजलं नाही, आज मोजून ठेवलेलं सगळं फुकटात मिळते तर तुम्ही छापत नाही.

जागा नाही असं म्हणू नका. क्रिकेटचा स्कोअरकार्ड तुम्ही अवांतर, लेगबाय, नो-बॉलसकट छापता, ते मी आवडीने वाचतो, बंद करा असं माझं म्हणणं नाही. एनबीएचे सामने आपल्याकडे सकाळी संपतात, तुमचं पान रात्री लागते, म्हणजे पूर्ण दिवस तुमच्या हातात असतो.

आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. आपल्या तालुका पानावर शाळांच्या स्पर्धेची बातमी येते तेव्हा मंचावर कोण होतं, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झालं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळ्यांची नावं पदासकट येतात. खेळलं कोण त्याचा पत्ता नाही. शेवटच्या ओळीत विजयी शाळेचं नाव आलं तर आलं, नाही तर तेही जाहिरातीत कापलं जातं. पोट्टे सकाळपासून उन्हात खेळतात, दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर पेपर आला की आधी स्वतःचं नाव शोधतात, मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

तालुक्याच्या स्पर्धा पुन्हा लागतील. रिबाऊंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर (हातचा बॉल समोरच्यांकडे जाणं) असे रकाने पाडलेला कागद मी तयार ठेवला आहे, टेबलाशेजारी बसून भरायलाही मी येतो, पैसे नकोत. तुमच्या वार्ताहराने सामना संपल्यावर तो माझ्याकडून घ्यावा आणि आहे तसा छापावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पीटी शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(मुलीचा विषय आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती)