सोलापूरचा हापसा, झांबियातलं पाणी

कटेटे, पूर्व झांबिया
१४ जून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, तू आधी जेवणाचंच विचारशील म्हणून तेच आधी सांगते. पोटभर जेवते. इथे रोज न्शिमा असते, म्हणजे मक्याचं पांढरं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट केलेली उकड. हातात गोळा वळायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलून खायची. भाजी बहुधा भोपळ्याच्या पानांची, पावसाळ्यात ताज्या आणि आता वाळवून ठेवलेल्या. तिच्यात काय घालतात माहितीये? शेंगांचं कूट! उखळात कुटलेलं, तुझ्यासारखंच जरा भरड. पहिल्या दिवशी शेजारच्या आजींकडे मी तीनदा वाढून घेतलं. तेव्हापासून त्यांनी कूट केलं की वाटीभर माझ्या दारात येतं.

जून असूनही इथे थंडी आहे. पहाटे शाळेत जाताना तू दिलेला स्वेटर घालते. मच्छरदाणी रोज गादीखाली खोचते, काळजी करू नकोस.

एक चूक मात्र लक्षात राहिली. पहिल्या आठवड्यात दुकानात गेले आणि थेट मीठ मागितलं. दुकानदार बाई गप्पच. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्वाउका ब्वांजी?" म्हणजे, कशा उठलात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे आधी माणसाची विचारपूस होते, मग काम. वडीलधाऱ्यांसमोर गुडघे किंचित वाकवून, तळवे पोकळ धरून हलकेच टाळी वाजवतात. आता शाळेच्या वाटेवर दहा घरं लागतात तर मी पाऊण तास आधी निघते. आवडतं मला हे. वर्गात गणित सुरू करण्याआधी मुलांनाही विचारते, कशी उठलात?

बाबा, हे तुमच्यासाठी. शाळेमागे हापसा आहे. पहिल्याच संध्याकाळी घागर घेऊन गेले आणि दांड्याला हात लावताच ओळखीचा वाटला. खाली तीन पाय, वर चौकोनी डोकं, आत साखळी. इंडिया मार्क टू! तुम्ही सांगायचात ना, सत्तरच्या दशकात तो तयार झाला तेव्हा पाया आपल्या सोलापूर पंपाचा होता, आणि त्याआधी जालन्याचा. इथे गावोगावी हाच आहे. मी पाणी समितीच्या बायकांना सांगितलं, हा माझ्या गावाकडचा, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यभर असेच हापसे दुरुस्त केले. तेव्हापासून तुमची चौकशी होते.

एप्रिलमध्ये तो बंद पडला. नऊ दिवस बायकांनी ओढ्याकाठच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी भरलं, मुली शाळेत उशिरा यायला लागल्या. समितीनं घरटी पैसे गोळा केले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी मका दिला. मग कटेटे शहरातून मिस्त्री आले. एका वॉशरसाठी दहाच्या दहा पाइप वर काढावे लागले. मीही दोर ओढला. सिलिंडर उघडल्यावर चामडी वॉशर हातात घेऊन पाहिला, कडा झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या. तुमच्या डब्यात असायचे अगदी तसे. पाइप परत उतरवल्यावर आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ, आणि बायकांनी जिभेनं लांबलचक किलकारी दिली.

म्हणून विचारते. सकाळी पहिलं पाणी यायला आता सात-आठदा दांडा मारावा लागतो, मे महिन्यात चारदा लागायचा. वॉशर पुन्हा जातोय का, की पाइपला कुठे भोक पडलंय? ते वर न काढता कसं ओळखायचं? समितीतल्या दोघी शिकायला तयार आहेत, मी तुमचं उत्तर त्यांना समजावून सांगेन. रविवारी वारुळावर चढून फोन करते, रेंज तिथेच येते. माझे पाच वाजतील तेव्हा तुमच्याकडे साडेआठ होतील. जेवण थोडं लवकर उरका.

बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
चिमी