निदान देशांची नावे तरी घ्या

महोदय,

‘संयुक्त राष्ट्रे हवीत कशाला?’ हा कालचा अग्रलेख वाचला. त्यातला संताप मला पटतो, ही संस्थाच बंद करावी हा निष्कर्ष मात्र अजिबात पटत नाही. ‘आंतरराष्ट्रीय समुदाय अपयशी ठरला’ असे आपण पुन्हापुन्हा लिहिले आहे, पण संपूर्ण लेखात त्याला जबाबदार अशा एकाही देशाचे नाव नाही. मग अपयशी ठरले ते नेमके कोण?

२०२३ साली मी बांगलादेशात, कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीत, एका पोषण केंद्रावर परिचारिका होते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडून तेव्हा माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा मिळत असे. मार्चमध्ये त्याचे १० डॉलर झाले, जूनमध्ये ८. म्हणजे एका वेळच्या जेवणाला नऊ सेंटसुद्धा नाहीत, आणि या लोकांना छावणीबाहेर जाऊन काम करायची परवानगी नाही.

लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायला आमच्याकडे रंगीत फीत असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. लाल आला की मुलाला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटे सुरू होतात, बरे झाले की थांबतात. एका बाईचे दीड वर्षाचे मूल दोन महिन्यांच्या उपचारानंतर हिरव्यात आले. मी आनंदाने तिला फीत दाखवली, तर ती रडायलाच लागली. फितीचे टोक माझ्या हातातून घेऊन तिने ती स्वतः आवळून पाहिली आणि परत मोजा म्हणाली. मी परत मोजले. हिरवाच. त्या पाकिटांतले थोडे थोडे ती मोठ्या दोघांनाही देत होती, हे मला नंतर कळले. तिला काय सांगायचे, असे मी वरिष्ठांना विचारले. ‘निधीअभावी’ एवढेच उत्तर आले. त्या शब्दाची मला आजही चीड येते.

निधी का नव्हता, ते आपल्या लेखात यायला हवे होते. जागतिक अन्न कार्यक्रमाला सदस्य देशांकडून ठरलेली वर्गणी मिळत नाही. सगळा पैसा ऐच्छिक देणगीचा, आणि त्यातलाही बराचसा कुठे खर्च करायचा हे देणारा देशच ठरवतो. सरकारांनी हात आखडता घेतला की शिधा कापला जातो. याच संस्थेला २०२० साली शांततेचे नोबेल मिळाले होते, पण त्याने पोती भरत नाहीत.

सीरियाचे उदाहरण आपण दिलेत, तेही अर्धवट. सरकारच्या परवानगीवाचून सीमेपलीकडून मदत नेण्यासाठी सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये चार नाकी ठरवून दिली होती. रशिया आणि चीनच्या नकाराधिकारापुढे २०२० पर्यंत त्यातले बाब अल-हवा हे एकच उरले. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला, तिकडे जाणारा रस्ताही खराब झाला आणि संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा वायव्य सीरियात पोहोचला तो ९ तारखेला. ढिगाऱ्याखालच्या माणसाला तीन दिवस म्हणजे काय, हे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या लोकांच्या बाबतीत आपण कमी पडलो, अशी जाहीर कबुली दिली. नकाराधिकार वापरणाऱ्यांकडून असे काही ऐकल्याचे मला आठवत नाही.

संस्थेचे स्वतःचे गुन्हे आहेत, ते मी झाकणार नाही. हैतीत २०१० मध्ये कॉलरा पसरला तो शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. त्यावर हवे तेवढे झोडपा, मी आपल्या बाजूने आहे. पण संस्थाच बंद केली तर उद्या त्या छावणीत पोती कोण उतरवणार, याचे उत्तर अग्रलेखात शोधूनही सापडले नाही.

आणखी एक. लेखासोबत उपाशी मुलाचे तीन स्तंभी छायाचित्र आहे. चेहरा स्पष्ट दिसतो, खाली ना ठिकाण, ना साल. माझ्या केंद्रावर आईला विचारल्याशिवाय कुणालाही छायाचित्र काढू दिले जात नसे, आणि बऱ्याच जणी नाही म्हणत. या मुलाच्या आईला कुणी विचारले होते का, हे कृपया कळवावे.

आपली,
एक वाचक