घरच्या सर्व्हरसाठी धावून आलेल्यांचे आभार

जुळे सोलापुरातील आमच्या घरी नव्याने जोडलेला सर्व्हर (फाइली साठवणारा, सतत चालू राहणारा संगणक) वेळी-अवेळी आपोआप रीस्टार्ट होत असताना ज्यांनी आपुलकीने मदत केली, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. सोलापूरचा उन्हाळा पाहता पहिला संशय साहजिकच उष्णतेवर होता, पण प्रोसेसरचे तापमान मर्यादेतच होते. आधीच्या बूटच्या, म्हणजे संगणक मागच्या वेळी सुरू झाल्यापासूनच्या, नोंदी (लॉग) वाचायला ज्यांनी शिकवले, त्यांचे ऋण मोठे आहे; लॉग एका ओळीनंतर अचानक तुटलेला होता आणि कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) एकही तक्रार त्यात नव्हती, त्यामुळे लक्ष विजेकडे आणि हार्डवेअरकडे वळले. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवल्यावर रॅम निर्दोष ठरली. त्यानंतर एका जाणकार काकांनी नेमके हेरले की, बॅकअप सुरू होताना झोपलेल्या सर्व हार्ड डिस्क एकदम फिरू लागतात आणि त्या क्षणी पॉवर सप्लायच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) १२ व्होल्टच्या वाहिनीवर मोठा भार येतो. नवी पेठेतील दुकानदारांनी तर अनामतही न घेता स्वतःचा पॉवर सप्लाय चाचणीसाठी हाती ठेवला, हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. तो जोडल्यापासून सर्व्हर अखंड चालू आहे आणि आईबाबांची जुनी छायाचित्रे त्यावर सुरक्षित आहेत.