प्राणी दिसले नाहीत, ही तक्रार नव्हे

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

विषय: ‘नैरोबी शॉर्ट स्टे – वन्यजीव विशेष’ या सहलीत ठरलेली ठिकाणे न दाखवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,
स. न. वि. वि.

नैरोबीहून परतल्यावर मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा व्हॉट्सॲपवर उत्तर आले: ‘वन्यप्राणी दिसणे निसर्गावर अवलंबून असल्याने कंपनी त्याची हमी देत नाही.’ हीच अट पावतीच्या मागेही छापलेली आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. ताडोब्यातून वाघ न पाहता आम्ही परत आलो आहोत, तेव्हा कुणाला पत्र लिहिले नाही. या वेळी लिहिते आहे, कारण जिथे प्राणी असतात तिथपर्यंत आपण आम्हाला नेलेच नाही, आणि पैसे मात्र नेल्याचे घेतलेत.

माझ्या पतींचे नैरोबीत कार्यालयीन काम होते. त्यांच्याबरोबर मी, आमची मुलगी आणि सासरे असे गेलो. मसाई मारा या केनियातल्या प्रसिद्ध अभयारण्याला जाऊन येण्याइतकी सवड नव्हती. आपल्या बोरिवली शाखेतल्या प्रतिनिधीने सांगितले, ‘मॅडम, माराची गरजच नाही, नैरोबी शहरातच सगळे होते.’ गंमत म्हणजे हे खरे आहे. नैरोबी नॅशनल पार्क हे केनियातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९४६ सालचे, ११७ चौरस किलोमीटरचे, आणि शहराला अगदी खेटून. उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूंना कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मोकळी, तिथून प्राणी पलीकडच्या अथी-कपिती मैदानांत ये-जा करतात. आम्ही बोरिवलीकर. शहराच्या पोटात जंगल म्हणजे काय, ते आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. पण आमच्या उद्यानात सिंह पाहायचा तर तो जाळीच्या आतल्या सफारीत. नैरोबीत तो मोकळा असतो, आणि त्यासाठीच आम्ही पैसे भरले होते.

शनिवारच्या कार्यक्रमात छापले आहे: ‘पहाटे ५.३० ला हॉटेलवरून प्रस्थान, नैरोबी नॅशनल पार्कमध्ये जीपमधून सफारी, बिग फाइव्ह पाहण्याची संधी.’ आम्ही पाचपासून तयार होऊन लॉबीत बसलो. गाडी आली पावणेदहाला. चालक भला माणूस होता. त्याला दहाचीच वेळ सांगितली होती, म्हणजे त्याच्या हिशोबाने तो लवकरच आला. गाडी लँगाटा रस्त्यावरच्या मुख्य फाटकाशी थांबली आणि आम्हाला उतरायला सांगितले. मी म्हटले, जीपमधून आत जायचे आहे ना? त्याने स्थानिक कंत्राटदाराने दिलेला कागद दाखवला. त्यावर लिहिले होते: ‘सफारी वॉक, ॲनिमल ऑर्फनेज.’ राष्ट्रीय उद्यानाचा उल्लेख नव्हता.

आपल्या विभागात हा फरक कुणाला माहीत नसेल असे मला वाटत नाही, तरी लिहिते. सफारी वॉक आणि ॲनिमल ऑर्फनेज ही दोन्ही ठिकाणे उद्यानाच्या फाटकाशीच आहेत आणि केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस ही सरकारी वन्यजीव संस्थाच चालवते, पण त्यांची तिकिटे वेगळी आहेत आणि उद्यानाच्या मानाने बरीच स्वस्त आहेत. एकात उंच लाकडी पुलावरून चालत जायचे, दोन्हींकडे प्राणी आवारांत ठेवलेले. ठिकाण वाईट अजिबात नाही. आम्ही तिथे बोंगो हे पट्ट्यांचे हरीण पाहिले, जे केनियाच्या डोंगरी जंगलांत आता अगदी थोडे उरले आहे, आणि पश्चिम आफ्रिकेतला बुटका पाणघोडाही पाहिला. शाळेच्या मुलांची रांग होती, त्यांची मजा चालली होती. पण सासरे दोन आवारे पाहून म्हणाले, ‘अगं, राणीच्या बागेत येण्यासाठी विमानात बसलो का आपण?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आता आपल्याकडून हवे आहे.

तिकिटांची प्रत जोडली आहे, तीवर ठिकाणाचे नाव स्पष्ट छापलेले आहे. आपल्या पावतीवर ‘राष्ट्रीय उद्यान प्रवेश व सफारी वाहन’ या ओळीसमोर रक्कम आहे, तीही स्पष्ट आहे. म्हणजे मुंबईत विकले एक आणि नैरोबीत खरेदी केले दुसरे. निसर्गाचा यात काय संबंध, तेवढे कळवावे.

‘बिग फाइव्ह’, म्हणजे सिंह, बिबट्या, रानम्हैस, गेंडा आणि हत्ती, यांबद्दलही एक शब्द. नैरोबी उद्यानात यांपैकी पहिले चार आहेत. गेंडे तर काळे आणि पांढरे दोन्ही. हत्तींचे कळप मात्र तिथे नाहीत. शेल्ड्रिक ट्रस्टच्या हत्ती अनाथालयातली पिल्ले दिवसा उद्यानाच्या कडेला चरायला जातात, तेवढेच. त्यामुळे आपली ‘संधी’ ही नशीब कितीही जोरावर असले तरी जुळून येणारी नव्हती. माहितीपत्रक लिहिणाऱ्याने नकाशाऐवजी माराचे जुने पत्रक समोर ठेवले असावे.

दुपारच्या जेवणाबद्दल फार लिहीत नाही. आमच्या नोंदणीत चौघेही शाकाहारी असे लिहिलेले असताना ‘वन्यजीव विशेष’ सहलीत आम्हाला मगर आणि शहामृगाचे मांस भाजून वाढणाऱ्या उपाहारगृहात नेण्यात आले. सासऱ्यांनी पाव आणि कोशिंबीर खाल्ली. नैरोबीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती आहेत, पार्कलँड्स भागात शाकाहारी थाळी सहज मिळते. पतींच्या सहकाऱ्यांनी रात्री आम्हाला तिथेच जेवायला नेले. जेवणानंतर लाकडी जिराफ आणि दगडी पाणघोडे विकणाऱ्या दुकानात आमची इतका वेळ रखडपट्टी झाली, की जिराफ सेंटरला पोचलो तेव्हा ते बंद व्हायची वेळ होत आली होती. ते ठिकाण मात्र दिले तसे मिळाले, हे नमूद करते. उंच चौथऱ्यावर उभे राहून जिराफाच्या तोंडाशी खाद्य धरायचे, आणि हातभर काळपट जीभ येऊन ते उचलून नेते. मुलगी खूश होती. हे जिराफ रॉथचाइल्ड जातीचे. त्यांची संख्या फार घटली म्हणून १९७९ साली स्थापन झालेल्या संस्थेने हे केंद्र उभे केले. आपल्या पत्रकात त्यांना ‘मसाई जिराफ’ म्हटले आहे. मसाई जिराफ उद्यानाच्या आत असतात. तिथे आम्ही गेलो असतो तर दोन्ही पाहून फरक कळला असता.

आता रविवार. माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर भाग हाच आहे.

कार्यक्रमात छापले होते: ‘दुपारी ३ वा. हत्तींच्या अनाथालयास भेट, पिल्लांना स्वतःच्या हाताने दूध पाजण्याचा अनुभव.’ शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टचे हे अनाथालय लोकांसाठी रोज सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास उघडे असते, आणि आधी नोंदणी केल्याशिवाय कुणालाही आत घेत नाहीत. दूध पाजतात ते तिथले रखवालदार. पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडून पाहायचे. माझ्या मुलीला हे पाठ आहे, कारण वाढदिवसाला मिळालेले पैसे देऊन तिने त्या संस्थेच्या योजनेत एका पिल्लाचे पालकत्व घेतले आहे. आम्ही निघण्यापूर्वी तिने स्वतः आपल्या कार्यालयाला ईमेल करून ही वेळ कळवली आणि आमची नोंदणी झाली आहे का, असे विचारले. आपल्या प्रतिनिधीचे उत्तर एका ओळीचे होते: ‘काळजी करू नका, आमची तिथे ओळख आहे.’ ईमेलची प्रत जोडली आहे.

त्या एका तासामागे कारण आहे. ट्रस्टची स्थापना १९७७ साली डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी पतीच्या स्मरणार्थ केली; पती डेव्हिड हे केनियातल्याच त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईच्या दुधातली चरबी सोसत नाही, त्यामुळे अनाथ पिल्ले दगावत. डॅफ्नींनी अनेक वर्षे प्रयोग करून खोबरेल तेल घातलेले दूध तयार केले, तेव्हा कुठे ती जगू लागली. दर तीन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. रखवालदार त्यांच्याच गोठ्यात झोपतात. मोठी झाली की त्यांना त्सावोला नेतात आणि हळूहळू रानटी कळपांत जाऊ देतात. ज्या पिल्लाला उद्या रानात जायचे आहे त्याच्याभोवती दिवसभर माणसांची जत्रा नको, म्हणून एकच तास. तिथे आपली ओळख कशी चालणार होती?

चाललीही नाही. आम्ही तीन वाजता फाटकावर उभे. रखवालदाराने यादी तपासली, दिलगिरी व्यक्त केली आणि नोंदणीचे संकेतस्थळ लिहून दिले. पुढच्या दिवसाची सगळी नोंदणी आधीच भरलेली होती. मी आपल्या चोवीस तास सेवेच्या क्रमांकावर फोन लावला. तो रविवारी बंद असतो, असे ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले. मुलगी परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. त्या पिल्लाला भेटणे हे तिच्या सहलीचे कारण होते, आणि ते आम्ही सुरुवातीलाच आपल्याला सांगितले होते.

सोमवारी रात्रीचे विमान होते. पतींच्या एका सहकाऱ्याने ओळखीची गाडी ठरवून दिली आणि आम्ही आमच्या खर्चाने सकाळी सहाला, फाटक उघडता उघडता, उद्यानात शिरलो. तासाभरात पांढऱ्या गेंड्याची मादी आणि तिचे पिल्लू रस्त्याच्या कडेला चरताना भेटले. पुढे कोंगोनी हरणांचा कळप, इलंड ही मोठी हरणे, शहामृग, आणि मसाई जिराफ. त्यांच्या मानेमागे शहराच्या उंच इमारती आणि उद्यानावरून नेलेला रेल्वेचा लांबलचक पूल. सिंह दिसला नाही. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि आपल्या छापील अटीचा खरा उपयोग असतो तो इथे.

हस्तिदंताचा व्यापार थांबावा म्हणून ते जाळले, ती जागा त्याच उद्यानात आहे. जुलै १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनिएल अराप मोई यांनी तिथे १२ टन हस्तिदंताच्या ढिगाला आग लावली. एप्रिल २०१६ मध्ये १०५ टन जाळले गेले. सासरे शाळेत इतिहास शिकवत. ते तिथून हलायलाच तयार नव्हते. आपल्या पत्रकात या जागेचे नावसुद्धा नाही, दुकानाचे मात्र फोटोसह आहे.

पहाटे सहाला उद्यान, तिथून अकराला हत्ती, जेवून दुपारी जिराफ. तिन्ही ठिकाणे शहराच्या एकाच बाजूला, लँगाटाच्या आसपास आहेत. एका शनिवारात हे सगळे आरामात झाले असते, रविवार हाताशी उरला असता. त्यासाठी कुणीतरी गाडी वेळेवर पाठवायला हवी होती आणि एक ऑनलाइन नोंदणी वेळेत करायला हवी होती. बाकी नैरोबीने सगळे तयारच ठेवले आहे.

एक किरकोळ, पण सांगायलाच हवे. प्रवासाचे किट आपण मुंबई विमानतळावर कंपनीच्या नावाच्या प्लॅस्टिक पिशवीत दिलेत. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. विमानात सूचना झाली म्हणून आम्ही पिशव्या उतरण्यापूर्वीच टाकल्या. किटमधल्या पाण्याच्या बाटल्याही राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून चालत नाहीत. पिवळ्या तापाची लस आणि ऑनलाइन प्रवास परवानगी यांची माहिती आपण अचूक आणि वेळेत दिली होती. म्हणजे नियम वाचणारे कुणीतरी आपल्याकडे आहे. पत्रक छापण्यापूर्वी ते त्यांना दाखवत जावे.

माझी मागणी अशी. ‘राष्ट्रीय उद्यान प्रवेश व सफारी वाहन’ आणि ‘हत्ती अनाथालय भेट’ या दोन्ही ओळींची चौघांची पूर्ण रक्कम परत करावी. सोमवारी आम्ही केलेला गाडीचा आणि प्रवेशाचा खर्च पावत्यांप्रमाणे द्यावा. पत्रकातले ‘बिग फाइव्ह’, ‘दुपारी ३ वा.’ आणि ‘स्वतःच्या हाताने दूध’ हे तिन्ही उल्लेख काढावेत आणि काढल्याचे मला लेखी कळवावे. पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन देऊ केल्याचे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. ते नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, त्यामुळे मला बोरिवलीहून वांद्र्यापर्यंतच जायचे आहे.

उत्तर ईमेलवर द्यावे. फोन करू नये.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत: मूळ पावती व छापील कार्यक्रम, सफारी वॉक व ऑर्फनेजची तिकिटे, चालकाकडील कागदाचे छायाचित्र, मुलीचा ईमेल व आपले उत्तर, सोमवारच्या खर्चाच्या पावत्या.